बुधवारचा फोन

फोन आज तरी वाजेल, या आशेवर दादा सकाळपासून कोपऱ्यातल्या फोनच्या स्टुलाभोवती घुटमळत होते, आणि त्यांच्या बायकोला, थोरलीला, ते बघवत नव्हतं! पेपर वाचून झाला होता, चहा गार होऊन गेला होता, आणि आता तर त्यांनी रिसीव्हर उचलून कानाला लावला, आतला सूर ऐकला आणि तो इतक्या हळुवारपणे परत ठेवला, की जोरात ठेवला असता तर जणू पलीकडचा माणूस दुखावला असता…

“अहो, फोन चांगला चालू आहे,” थोरली स्वयंपाकघरातून म्हणाली. “तुमच्या भावालाच सवड नसेल. मोठी माणसं ती!”

दादा हल्ली कुणाशीच फारसं बोलत नसत. दुकानात बोट दाखवून भागवत, शेजाऱ्यांना मान हलवून; त्यांना मुकं समजून एका नव्या भाडेकरूने चक्क हातवारे करून पत्ता विचारला होता, आणि यांनीही तो हातवाऱ्यांनीच सांगितला होता! आठवडाभराचं सगळं बोलणं त्यांच्या पोटात साठत राहायचं, आणि बुधवारी सकाळी धाकट्याचा फोन आला की मग मात्र ते असे खुलत, की थोरली हातातलं काम टाकून दाराशी येऊन उभी राहायची. “दादा, बोल काहीतरी,” एवढंच तो म्हणायचा. अन् दादा बोलायचे!

गेले कित्येक बुधवार तो फोन आला नव्हता. आपण होऊन फोन करणं दादांच्या जिवावर यायचं. तिकडे कुणी भलताच उचलेल, हा आवाज ऐकेल, अन् हसेल…

आता धाकटा म्हणजे कोण, असं त्या शहरात कुणी विचारलं असतं तर लोकांनी त्यालाच वेड्यात काढलं असतं. भोंग्या! एकटा रंगमंचावर उभा राहून भरलेलं नाट्यगृह हसवून सोडणारा भोंग्या. मग वर्षानुवर्षं टीव्हीवरच्या त्या विनोदी मालिकेतून घराघरांत जाऊन बसलेला भोंग्या. आणि आता केस पिकल्यावर, चेहरासुद्धा न दाखवता, कार्टूनमधल्या म्हाताऱ्या कासवाचा आवाज होऊन तमाम लेकरांच्या गळ्यातला ताईत झालेला भोंग्या. ते नाव दादांनीच ठेवलेलं. आई गेली तेव्हा हा एवढासा होता, आणि रडायला लागला की अख्खी आळी गोळा व्हायची. “अरे, किती तो भोंगा!” असं म्हणत कोवळ्या दादांनी त्याला खांद्यावर टाकून येरझाऱ्या घातल्या होत्या, आणि जगाने पुढे त्याच नावाला टाळ्या दिल्या.

दादांचा स्वतःचा आवाज मात्र टाळ्या घेणारा नव्हता. लहानपणी घशाचं मोठं दुखणं झालं, त्यातून जीव वाचला, पण आवाज घोगरा होऊन बसला. शिवाय वाक्यातल्या मुख्य शब्दाआधी श्वास अडकायचा, क्षणभर सगळं थांबायचं, आणि मग तो शब्द जरा उंचावरून, उडी मारल्यासारखा बाहेर पडायचा. शाळेत पोरांनी छळ छळ छळलं. आणि दैवाची गंमत अशी, की पोटापाण्याला लागले ते बस स्थानकावर… उद्घोषक म्हणून! ती जागा कुणाला नको होती. दिवसभर त्या काचेच्या खुराड्यात बसून गाड्यांची नावं पुकारायची, एवढंच काम.

पण दादांनी त्या खुराड्याचं देऊळ केलं. त्यांचा तो संथ, अडखळता आवाज म्हाताऱ्याकोताऱ्यांना नीट समजायचा. एकदा गाडी सुटते आहे असं वाटून एक आजी धावल्या आणि सगळ्यांच्या देखत पडल्या. त्या दिवसापासून दादांनी प्रत्येक घोषणेच्या शेवटी आपल्या पदरचं एक वाक्य जोडलं, जे कुठल्याही नियमात नव्हतं. “घाई करू नका… गाडी… थांबलेली आहे!” आणि ते नुसतं म्हणून ते थांबत नसत, शेवटचं माणूस चढेपर्यंत खिडकीतून हात दाखवून गाडी खरोखरच थांबवून धरत. ड्रायव्हर मंडळी कुरकुरायची. “दादांची गाडी म्हणजे पाहुण्यांची गाडी, निघता निघत नाही!” असं म्हणायची, पण थांबायची. शाळा सुटल्यावर धाकटा तिथेच खुराड्यात, दादांच्या पायाशी बसून अभ्यास करायचा. अभ्यास कसला? दादांचं बोलणं ओठांतल्या ओठांत घोळवत बसायचा तो… पण तेव्हा कुणाच्या ते लक्षात आलं नाही.

भोंग्याचा पहिला मोठा कार्यक्रम दादांनी मागच्या रांगेत बसून पाहिला. कोट घातलेला आपला धाकटा दिव्यांच्या झोतात आला तेव्हाच त्यांचा ऊर भरून आला होता. आणि मग तो म्हणाला, “मंडळी, माझा एक मोठा भाऊ आहे…” अन् त्याने तोंड उघडलं, आणि दादांच्या अंगावर सर्रकन काटा आला. तोच घोगरेपणा! तोच अडकलेला श्वास! “घाई करू नका… न्हाणीघरातला प्रवासी… अजून निघालेला नाही!” नाट्यगृह अक्षरशः कोसळलं. बायका पदर तोंडाला लावून, पुरुष गुडघ्यांवर थापा मारून हसत होते. शेजारच्या गृहस्थाने तर हसता हसता दादांच्याच खांद्यावर डोकं टेकलं! आणि दादा… दादा थिजून बसले होते. लाजेने कानशिलं तापली होती हे खरं, पण त्याहून मोठं असं काहीतरी त्यांच्या अंतःकरणात उसळत होतं. जो आवाज आपण जन्मभर लपवत आलो, तो या पोराने एवढा निरखून ऐकला? श्वास कुठे अडतो, शब्द कुठून उडी घेतो, ओठ कोणत्या बाजूला वळतात… सगळं, सगळं त्याच्यापाशी होतं! अपमान कुठे संपतो आणि विस्मय कुठे सुरू होतो, हेच त्यांना कळेना.

“दादा, राग आला?” पडद्यामागे धाकट्याने विचारलं होतं. घाबरला होता तो.

“वेडा आहेस का? झकास… झालं!” दादा म्हणाले. बाजूचे लोक परत हसले.

पुढे ती मालिका आली, आणि त्यातला मोठा भाऊ हे पात्र असं काही गाजलं की विचारू नका. आणि इकडे बस स्थानकावर दादांनी माईक हातात घेतला रे घेतला, की कॉलेजची पोरं एकसुरात पुढचं वाक्य म्हणू लागली. दादांचा श्वास अडकला की सगळा फलाट श्वास रोखून धरायचा, आणि शब्द बाहेर पडला की हशा! लोक लांबून यायचे म्हणे, तो आवाज ऐकायला. दादांनी तेही पोटात घातलं. पण एके दिवशी त्या हशात खरी घोषणाच बुडाली. लेकीच्या बाळंतपणाला निघालेले एक आजोबा बाकावर बसून राहिले, आणि त्यांची गाडी त्यांच्या डोळ्यांदेखत निघून गेली. काठी टेकत ते खुराड्यापाशी आले आणि म्हणाले, “बाबा रे, तुझं कळत होतं, म्हणून तर मी तुझ्या भरवशावर बसलो होतो…”

दुसऱ्याच दिवशी दादांनी साहेबांना सांगून माईक सोडला, आणि सापडलेल्या वस्तूंच्या खोलीत बदली मागून घेतली. तिथे कुणाशी बोलावं लागत नाही. छत्र्या, पिशव्या, एकेकट्या चपला, यांच्यात माणूस मुकाट्याने निवृत्त होऊ शकतो. एक शब्द धाकट्याला बोलले असते, “हे बंद कर,” तर त्याने केलंही असतं… पण पोर नुकतं कुठे वर येत होतं! “माईकचा कंटाळा आला रे,” एवढंच त्यांनी त्याला सांगितलं. थोरलीला खरं माहीत होतं, आणि तिच्या तोंडाला त्यांनी स्वतःची शपथ घालून कुलूप लावलं होतं.

मग फोन सुरू झाले, आणि दादांना वाटलं, चला, सगळं भरून पावलं. जगाने माझा आवाज हसण्यावारी नेला, पण ज्याच्यासाठी गेला, त्याला तो अजून हवासा वाटतो! दर बुधवारी खोलीतल्या गमती ते त्याला सांगत. कुणाची तरी कवळी आली होती रुमालात बांधून. ती मागायला दोन गृहस्थ आले, दोघेही बोळके, आणि दोघांच्याही तोंडात ती अगदी बरोबर बसली! पलीकडे धाकटा एवढा हसला होता की त्याला ठसका लागला. तो ठसका दादांनी कितीतरी दिवस मनाशी जपून ठेवला होता.

दाराची बेल वाजली. दादा केवढ्यांदा दचकले! फोन नव्हे, दार होतं, आणि दारात धाकटी उभी होती. भोंग्याची बायको. डोळे सुजलेले, केस कसेबसे बांधलेले.

“अगं, काय झालं?” थोरलीने तिला हाताला धरून आत आणलं.

“ताई… यांचं घशाचं ऑपरेशन झालं,” धाकटी कशीबशी म्हणाली. “गाठ होती. काढली. जिवाला धोका नाही म्हणाले डॉक्टर, पण सध्या एक शब्द बोलायचा नाही. आणि पुढे आवाज येईल, तो… तो आधीचा नसेल.” तिने ओंजळीत तोंड लपवलं. “तुम्हाला सांगू नका असं बजावलं होतं त्यांनी. दादांना घशाचं दुखणं म्हटलं की धडकी भरते, म्हणाले.”

दादा मटकन खुर्चीवर बसले. त्यांचा हात आपोआप स्वतःच्या गळ्याशी गेला. माझा भोंग्या… आणि त्याचा आवाज गेला? तो कितीतरी आवाज काढायचा, म्हाताऱ्याचे, बाईचे, कुत्र्याचे, रुसलेल्या दरवाजाचे! ते सगळे एका झटक्यात गेले?

“दादा, मी मागायला आले आहे,” धाकटीने डोळे पुसले. “कासवाचा सिनेमा होतोय. सगळं झालंय, फक्त शेवटचं दृश्य राहिलंय. कितीतरी नकला करणारे येऊन गेले, कुणालाच जमलं नाही. कासवाचा आवाज म्हणजे तुमचाच आवाज, तो दुसऱ्या कुणाकडेच नाही. यांना सुद्धा तो सहज यायचा नाही हो! म्हणून तर दर बुधवारी रेकॉर्डिंगच्या आधी तुम्हाला फोन लावायचे. तुमचं बोलणं कानात भरून घ्यायचे, आणि फोन ठेवला की तडक माईकपुढे…”

ती बोलून गेली, आणि तिला कळलंच नाही आपण काय बोललो ते! दादांचा चेहरा मात्र पांढराफटक पडला.

“म्हणजे… फोन…” त्यांचा श्वास अडकला. या खेपेला तो शब्द बाहेर आलाच नाही.

“बस्स झालं!” थोरली कडाडली. इतक्या वर्षांचं कुलूप तटकन तुटलं. “अजून काय काय न्याल या माणसाचं? आवाज नेलात, जगाला हसायला दिलात! माईकचा कंटाळा आला होता का यांना? जीव होता तो त्यांचा! तुमची ती मालिका चालावी म्हणून हा माणूस त्या अडगळीच्या खोलीत जाऊन बसला… आणि एक फोन यायचा आठवड्याला, त्याच्यावर जगत होते हो हे! तो पण कामापुरताच होता?”

“थोरले!… पुरे,” दादा म्हणाले.

“नाही, पुरे नाही! शपथ मोडली मी. मोडायलाच हवी होती आधी!”

धाकटी भिंतीला टेकून उभी राहिली होती. “आम्हाला हे ठाऊक नव्हतं… खरंच ठाऊक नव्हतं, ताई…” तिचे शब्द हुंदक्यांत विरून गेले. मग तिने पदराने तोंड पुसलं, आणि ती चपला शोधू लागली. मागायला आलेली बाई, पण आता मागायचं धैर्यच तिला उरलं नव्हतं.

“थांब,” दादा म्हणाले. काळजात नुसतं चर्र झालं होतं. प्रत्येक बुधवार त्यांनी मनात घडी घालून ठेवला होता, आणि आता एकेक घडी उलगडून बघितली तर आत काय होतं? तालीम! पण विचारलं त्यांनी भलतंच. “त्या शेवटच्या दृश्यात… काय आहे?”

“बदकाचं पिल्लू चुकलेलं असतं,” धाकटी डोळे टिपत म्हणाली. “तळ्याकाठी कासवाची वाट बघत उभं असतं. मग कासव येतं.”

“आणि आवाजच… नसेल तर?”

“मग ते दृश्य कापणार आहेत. कासव येतच नाही, असं करणार. पिल्लू उभं आहे, एवढ्यावरच संपवायचं, म्हणतात.”

“उभंच?”

“हो.”

दादा उठले. कपाटातला इस्त्रीचा शर्ट काढून त्यांनी अंगात घातला. एखादं माणूस फलाटावर उभं आहे आणि गाडी निघून गेली, हे या गृहस्थाच्या हातून आयुष्यात एकदाच घडलं होतं, आणि त्या एकाच वेळेसाठी त्यांनी स्वतःला कधी क्षमा केली नव्हती. भावावर रागवायला पुढे उभा जन्म होता. पिल्लाला तसं सोडता येत नव्हतं. “चल,” ते धाकटीला म्हणाले, आणि थोरलीनेही पर्स उचलली.

स्टुडिओ म्हणजे काही मोठा महाल नव्हता. एका इमारतीचा पहिला मजला, जाड गादीसारख्या भिंती, मध्ये एक मोठी काच, आणि काचेपलीकडे एकुलता एक माईक. काच, माईक, एकटी खुर्ची… दादा उंबऱ्यातच थबकले. त्यांचं जुनं खुराडंच कुणीतरी उचलून इथे आणून ठेवलं होतं! या खोलीत बसून भोंग्या माझ्याशी बोलायचा? त्यांनी भिंतीवरून अलगद हात फिरवला.

आतल्या खुर्चीवर भोंग्या बसला होता. गळ्याला पट्टी, खांदे पडलेले, हातात काहीच काम नसलेला. दादांना बघून तो ताडकन उभा राहिला, तोंड उघडलं…

“बोलू नकोस!” सगळ्यांनी एकदम ओरडून सांगितलं.

तो काचेबाहेर आला तशी धाकटीने त्याला दारातच बाजूला घेतलं, आणि रडत रडत त्याच्या कानाशी काय सांगितलं कोण जाणे… पण त्याचा चेहरा बदलत गेला तो सगळ्यांनी पाहिला. जगाला हसवणारा तो बोलका चेहरा! त्याने भावाकडे पाहिलं, दोन्ही हात उचलले, ते हवेत तसेच राहिले, आणि काय करावं हे न कळून त्याने ते पुन्हा खाली टाकले. साऱ्या नकलांच्या बादशहाला त्या क्षणी एक साधी खूण सुचेना. दादांनी नजर वळवली, आणि ते माईकपुढे जाऊन बसले.

रेकॉर्डिस्ट बाईंनी त्यांच्या कानांवर हेडफोन ठेवला, समोरच्या पडद्यावर चित्र सुरू केलं. तळं, धुकं, आणि काठावर एवढंसं पिवळं पिल्लू. “काका, तुमचं वाक्य एकच आहे. ‘घाई करू नकोस, मी थांबलोय.’ घ्या हं…”

दादांनी वाक्य म्हटलं. बाईंनी मान हलवली. पुन्हा म्हटलं. पुन्हा मान हलली. काहीतरी चुकत होतं, भयंकर चुकत होतं, आणि दादांना घाम फुटला. मालक आपल्याच घरात चोरासारखा चाचपडावा तसं चाललं होतं. बाईंनी बटण दाबलं आणि हळूच म्हणाल्या, “काका, तुम्ही त्यांच्या कासवाची नक्कल करताय. ती नको.”

खरंच की! भावाने त्यांची नक्कल केली, आणि आता ते भावाच्या नकलेची नक्कल करत होते. मग आपला मूळचा आवाज गेला कुठे? तो कसा असतो, हेच दादांना आठवेना! “मला… नाही जमत,” ते पुटपुटले, आणि हेडफोन काढू लागले.

तेवढ्यात काचेचं दार उघडून भोंग्या आत आला. त्याने एक स्टूल ओढलं, दादांच्या अगदी समोर बसला, आणि आपल्या रिकाम्या मुठीचा रिसीव्हर करून कानाला लावला. दुसऱ्या हाताने त्याने अदृश्य तबकडी फिरवली, एकेक आकडा, दादांचा नंबर. आणि मग त्याने डोळे मिटले.

त्याचे ओठ हलले. आवाज नव्हता, तरी दादांना शब्दन् शब्द कळला… दादा, बोल काहीतरी.

दादांच्या डोळ्यांपुढे सगळं डहुळलं. फोनच्या त्या टोकाला कसा चेहरा असतो, हे त्यांनी आजवर कधी पाहिलंच नव्हतं! मान किंचित कलती, भुवया उचललेल्या, चेहऱ्यावर असं काही मुग्ध समाधान… खुराड्यात पायाशी बसलेला तोच तो पोरगा, पाटी मांडीवर टाकून ऐकत बसलेला. कामापुरतं ऐकणारा माणूस असा ऐकतो?

“असेच बसायचे हो, काका, दर बुधवारी,” हेडफोनमधून बाईंचा आवाज आला. तोही जरा ओला झाला होता. “कासवाचा सूर मिळायला दोन वाक्यं पुरायची त्यांना. पण सगळा स्टुडिओ ताटकळत ठेवून बसायचे, फोन काही ठेवायचे नाहीत! आम्ही विचारलं, तर म्हणायचे, आवाजासाठी लावतो हे खरं, पण आवाज मिळाला की लगेच ठेवायला मी काय कसाई आहे? ती कवळीची गोष्ट तर इथल्या लिफ्टवाल्यालासुद्धा पाठ आहे… आणि मध्ये कितीतरी महिने कार्टूनचं काम बंद होतं ना, तेव्हाही बुधवारी इथे यायचे ते. रेकॉर्डिंग नाही, काही नाही. या खुर्चीत बसायचे, आणि तुम्हाला फोन लावायचे.”

काचेपलीकडे थोरलीने पदर तोंडाला लावला होता, आणि तिचा दुसरा हात धाकटीच्या पाठीवर होता.

दादांनी भावाकडे पाहिलं. गळ्यावरची ती पांढरी पट्टी, आणि ते मिटलेले डोळे. त्यांना कासव आठवेना, पिल्लू आठवेना, आपण कुठे बसलो आहोत हेही आठवेना. समोर त्यांचं पोर बसलं होतं, वाट चुकलेलं, मुकं झालेलं, उशिरा आलेलं, आणि आता गाडी मिळते की नाही, या भीतीने कानाला मूठ लावून बसलेलं…

“घाई करू नकोस,” दादा म्हणाले. श्वास अडकला. सगळी खोली थांबली. कुणीही हसलं नाही. “मी… थांबलोय.”

भोंग्याच्या मिटल्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. पडद्यावरच्या पिल्लाने मान वर केली होती, आणि चित्र संपलं तरी रेकॉर्डिस्ट बाईंचा हात बटणावर तसाच राहिला होता. पुष्कळ वर्षं त्या या काचेमागे बसत होत्या, नाना आवाज त्यांनी कानांत घेतले होते. पण एक माणूस बोलतो आहे, आणि बोलताना काहीच करून दाखवत नाही, असं त्यांनी क्वचितच ऐकलं होतं.

“झालं?” दादांनी भाबडेपणाने विचारलं. “पुन्हा… घ्यायचं?”

“नाही, काका,” बाई म्हणाल्या. “पुन्हा नाही. आता फक्त खोलीची शांतता घ्यायची. दोन वाक्यांच्या मध्ये भरायला आम्हाला याच खोलीची शांतता लागते, दुसरीकडची चालत नाही. सगळ्यांनी जरा वेळ गप्प बसायचं. हलायचं नाही, बोलायचं नाही.”

लाल दिवा लागला.

काचेच्या आत दोघे भाऊ समोरासमोर बसले होते. एकाला बोलायची बंदी होती, आणि दुसऱ्याने इतकी वर्षं स्वतःच स्वतःला घातलेली होती. किती सांगायचं होतं! मला माहीत नव्हतं, दादा… मला सांगायचं नव्हतं, वेड्या… तू एकदा तरी रागवायचं होतंस… तू कसला रे मोठा झालास, मी मागच्या रांगेत बसून बघत होतो… सगळं त्या खोलीत गच्च भरून राहिलं होतं, आणि त्यातलं एक अक्षरही कुणी उच्चारलं नाही. भोंग्याने हळूच आपली मूठ कानावरून काढली. क्षणभर ती हवेत राहिली. मग अतिशय जपून, जोरात ठेवली तर पलीकडचा माणूस दुखावेल अशा जपणुकीने, त्याने ती दादांच्या तळहातात ठेवली, आणि त्या हातावर आपलं कपाळ टेकलं.

दादांनी दुसरा हात त्याच्या केसांवरून फिरवला. किती पिकले होते ते!

बाहेर बाईंच्या यंत्रावर शांततेची सरळ रेघ चालली होती. मध्येच ती थरथरली, एकदा उंच उठली, आणि पुन्हा थरथरत खाली आली. हुंदका होता. दोघांपैकी कुणाचा, ते त्यांना ओळखू आलं नाही. दोन्ही आवाज आता सारखेच घोगरे होते. शेजारच्या मदतनीसाने हात वर करून खूण केली, ही बिघडली, दुसरी घ्यायची का?

बाईंनी नकारार्थी मान हलवली, आणि लाल दिवा तसाच चालू ठेवला.